बारकीची निळी जीभ

शुक्रवार, सकाळचे साडेदहा. टोकावड्याच्या पुढे, डोंगराखालच्या वाडीतली अंगणवाडी. चार वर्षांची बारकी ब्रश धुतलेल्या डब्यातलं निळं पाणी गटागटा प्यायली.

मी समोरच होतो. मी देवमासा बोलतोय, त्याच अंगणवाडीच्या भिंतीवरचा. साक्ष द्यायला तयार होतो, पण मला कुणी विचारलं नाही.

माझा जन्म समुद्रातला नाही, मुरबाडच्या शाम पेंटरच्या मोबाईलमधला. वरून हुकूम आला होता: भिंतीवर समुद्रातले प्राणी काढा, रंग मुलांना भरू द्या. या वाडीतल्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही आणि हुकूम काढणाऱ्याने वाडी पाहिलेली नाही. फिट्टंफाट. माझा डोळा काढताना शामला फोन आला, म्हणून तो डोळा पार शेपटीपाशी गेला. डोक्यावर मात्र त्याने झकास फवारा काढला. अख्ख्या वाडीत वाहतं पाणी तेवढंच.

मग पोरं आली, ब्रश घेऊन. पोट पिवळं झालं, कल्ल्यांवर लाल ठिपके आले, शेजारच्या ऑक्टोपसला कुणीतरी मिशा काढल्या. देवमाशाला कल्ले नसतात म्हणे. शामला ते कुणी सांगितलं नव्हतं.

"बाय, ह्यो केवढा असतो?" चांगोने विचारलं.

"दोन एष्ट्या एकामागं एक उभ्या केल्या ना, तेवढा," सेविका गोजरबाई म्हणाल्या.

चांगो विचारात पडला. "मंग रस्सा कशात करायचा?"

एवढ्या आदराने माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

माझ्या पोटाखाली एक नळ आहे, चकचकीत. त्याचं उद्घाटन झालं तेव्हा हार होते, पेढे होते. पाहुण्यांनी तोटी फिरवली, पाणी आलं, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून नळ गप्प. मदतनीस मालू खालच्या विहिरीवरून हंडा आणते. त्या शुक्रवारी विहिरीवर तिचा नंबरच लागेना. आदल्या दिवसाचं उरलेलं पाणी खिचडीत गेलेलं. खोलीत ओलं असं काही राहिलं होतं ते रंगाच्या डब्यात. बारकीला तहान लागली, ती प्यायली. पोरगी हुशार म्हणायची.

गोजरबाईंनी तिला उचललं आणि रिक्षातून दवाखान्यात पळवलं. डॉक्टर म्हणाले, साधा शाळेचा रंग आहे, काही होत नाही. बारकी परत आली ती जीभ बाहेर काढूनच. "मी देवमासा झाली!"

बाकीची पोरं जळून खाक.

पण कुणीतरी त्या जिभेचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि तालुक्याच्या गावाहून खात्याच्या मॅडम आल्या. जीपमधून, हातात बाटलीतलं पाणी.

"पाण्याकडे लक्ष नको ठेवायला?"

"मॅडम, पाणी असतं तर ठेवलं असतं," गोजरबाई म्हणाल्या.

"समोर नळ आहे की!"

"हाय ना. सोडून बगा."

मॅडमनी तोटी फिरवली. आतून एक कोळी आला, मॅडमना पाहून परत आत गेला. त्याला जेवढी लाज, तेवढी खात्यात कुणाला असती तर मी गप्प बसलो असतो.

नोटीस गोजरबाईंनाच मिळाली. निष्काळजीपणा केला म्हणून कामावरून का काढू नये? मॅडम गेल्यावर बाई माझ्या शेपटीला पाठ टेकून बसल्या. पंधरा वर्षं याच खोलीत त्यांनी वाडीची पोरं सांभाळली आहेत. रंग कपाटात बंद झाले. माझी शेपटी कोरीच राहिली.

बारकीची आई रुपा मात्र खवळली. "माज्या पोरीच्या नावावर बाईचं काम घालवता? नळाला इचारा ना!" असं म्हणत ती कोयता घेऊन भिंतीमागे गेली आणि पाइपाच्या कडेने माती उकरू लागली. मला मागचं दिसत नाही, फक्त ऐकू येतं. खरखर थोडाच वेळ झाली. मग रुपाचा आवाज आला, "बाय, हिकडं या गो."

पाइप हातभर जाऊन संपला होता. पुढे काही नाही, नुसता मुरूम.

गोजरबाईंनी नोटिशीला तेवढंच उत्तर लिहिलंय. निकाल आलेला नाही. त्या रोज येतात, अजून सेविका आहेत की नाहीत हे न कळता.

आणि उद्घाटनाच्या दिवशी या नळातून पाणी आलं होतं. सगळ्या वाडीने पाहिलं, पाहुणे ओंजळभर प्यायलेसुद्धा. त्या वेळी भिंतीमागे पाइपात पाणी ओतत कोण उभं होतं, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.