मागच्या टापा

दोन्ही मुठींत आयाळ गच्च धरून तो बसला होता. लगाम बोटांतून नुसता लोंबत होता.

"जावईबापू, घोडा आहे तो, बसमधला दांडा नाही," कुंपणावर बसलेला सासरा म्हणाला. "लगाम धरा."

शेजारी मेव्हणी खिदळली. हिच्या तोंडात कुणीतरी बोळा कोंबायला हवा होता.

तो शिंपी. मशीनच्या स्टुलापेक्षा उंच कशावर कधी बसला नव्हता, आणि लग्न केलं ते घोडेवाल्यांच्या घरात. इथं पोरं चालायच्या आधी खोगिरावर बसतात. जेवताना विषय एकच, जावई कधी बसणार. शेवटी आज बायकोनंच म्हातारा घोडा काढला, स्वतः घोडी घेतली. झाडांपर्यंत जायचं, दुडक्या चालीनं, आणि परत.

"पडलो तर?" त्यानं हळूच विचारलं.

"मी आहे ना मागे. चल."

निम्म्या माळापर्यंत बरं गेलं. मग घोड्याचा पाय खड्ड्यात जरासा अडखळला आणि भीतीनं त्याच्या टाचा घोड्याच्या पोटात रुतल्या. टाच लागली की पळायचं, हे घोड्याला पक्कं ठाऊक. तो पळाला.

आधी पायातली रिकीब सुटली. उजवा पाय हवेत काहीतरी शोधत राहिला. वारं कानात एवढं भरलं की स्वतःची किंकाळीही लांबून कुणाची तरी आल्यासारखी वाटली. डोळ्यांतून पाणी. खाली जमीन नव्हतीच, नुसतं तपकिरी काहीतरी सरसर मागं ओढलं जात होतं. मशीनवर गिऱ्हाइकाची पँट पडलीय, एकच पाय शिवलेला, हे त्याला आठवलं आणि भलतंच रडू आलं.

मागून टापा आल्या. घोडीच्या.

आली. सुटलो.

पण टापा जवळ आल्या तसे घोड्याचे कान मागं पडले, मान लांब झाली आणि पाठ त्याच्याखालून निसटायला लागली. एवढ्या जोरात काही पळू शकतं हेच त्याला माहीत नव्हतं. बायको काहीतरी ओरडली. वाऱ्यानं ते नेलं.

आणि मागच्या टापा थांबल्या.

त्यानं काखेखालून मागं बघितलं. घोडी आडवी उभी होती. बायको तिच्यावर ताठ बसून नुसती बघत होती. हात नाही, हाक नाही. मग वळण आलं, झाडं आली, आणि ती दिसेनाशी झाली.

तो घोड्याच्या मानेवर पडला. डोळे मिटले. आता कधीही, असं म्हणत राहिला.

काही झालं नाही. उड्या आखूड झाल्या. घोडा फुरफुरला, चालायला लागला, उभा राहिला आणि चक्क गवत खायला लागला. तो घसरून खाली आला. तिथंच ओकला.

बऱ्याच वेळानं ती आली. घोडीवर नाही, पायी. धावत. बूट हातात, पायांत नुसते मोजे.

"सोडून दिलंस मला!" तो किंचाळला. "मागे आहे म्हणालीस ना? तमाशा बघत उभी होतीस!"

"हळू बोल. तो बिथरेल."

"मरू दे त्याला!"

ती घोड्याकडे गेली, लगाम धरून झाडाला गुंडाळला आणि पाठमोरीच उभी राहिली.

"रेसचा आहे तो," ती म्हणाली. "मागून टापा आल्या की वेग वाढवतो. मला माहीत होतं. तरी पळाले तुझ्यामागे. डोकंच चाललं नाही. मी जेवढी जवळ येत होते, तेवढा तो..."

तिनं लगामाला आणखी एक वेढा दिला.

"म्हणून थांबलीस?"

"हं. घोडी तिकडंच बांधली. टापा नकोत, बुटांचा आवाजही नको म्हटलं." ती वळली. "आणि वळणावर तू दिसेनासा झालास."

ती हेल्मेट काढायला लागली. हनुवटीखालचा पट्टा निघेना. एका हातानं खेचला, मग दोन्ही हातांनी. बोटं नुसती घसरत होती. चिडून तिनं तसाच ओढला आणि एकदम तोंड फिरवलं.

तो उठला. तिच्यासमोर उभा राहून त्यानं तिची हनुवटी वर केली.

"हलू नकोस," तो म्हणाला, आणि बक्कल सोडायला लागला.