उजव्या पायाखालचा ब्रेक

मी एक जुनी स्कूटर आहे मित्रांनो, आणि मला कुणी पनवती म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझी काय ऐट होती! नंबर लावून सहदेवरावांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, तेव्हा कुठे मी बोरीवलीला त्यांच्या दारात आले. हार घातला, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. दर रविवारी मला घासूनपुसून लख्ख करायचे. मग आम्ही फिरायला निघायचो. कमलवहिनी मागे आणि पाच वर्षांचा जयवंत पुढे, हँडल धरून उभा.

इथेच घोळ झाला. सहदेवराव कौतुकाने अ‍ॅक्सिलरेटर त्याच्या हातात द्यायचे. हॉर्न तोच वाजवायचा, गिअरही तोच टाकायचा. सोसायटीतले म्हणायचे, "काय झकास चालवतो हो तुमचा पोरगा!" चालवतो कुठला? माझा मुख्य ब्रेक खाली, चालवणाऱ्याच्या उजव्या पायाशी. तो कायम बापाच्या बुटाखाली. पोराला कधी दाखवलाच नाही. मी आतल्या आत नुसती फणफणत राहिले.

जयवंतने दहावीची परीक्षा दिली आणि मे महिन्याची सुट्टी लागली. सहदेवराव देवळाच्या कामाला मालवणला गावी निघाले. जाताना म्हणाले, "रोज किक मारून ठेव रे, नायतर बसान बसान बिघडतली." बस्स, एवढं निमित्त पुरलं.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी त्याने मला बाहेर काढलं. लायसन्स नाही, हेल्मेट नाही, आणि आठ वर्षांची बहीण माणिक पुढे उभी. आरे कॉलनीत रस्ता मोकळा असतो म्हणे.

"दादा, हळू ना," माणिक म्हणाली.

"गप गं. मला लहानपणापासून येते गाडी."

उतारावर तबेल्याच्या म्हशी रस्ता ओलांडायला लागल्या. त्याने हॉर्न दाबला आणि हँडलवरचा पुढचा ब्रेक गच्च आवळला. उजवा पाय जिथल्या तिथे. अरे बाळा, पाय दाब, पाय! रस्त्यावर वाळू होती. पुढचं चाक घसरलं आणि माणिक माझ्याखाली आली.

ती वाचली. पण तिचा उजवा हात आता कोपरातून सरळ होत नाही. वेणी आईकडून घालून घेते. जयवंत तिच्याकडे बघायचं टाळतो.

आणि मला काय मिळालं? जिन्याखालचा कोपरा. टायर बसले, पत्रा गंजला. सहदेवराव आल्यागेल्याला सांगतात, "गाडीच पनवती निघाली." असा संताप होतो ना माझा! बापलेकांचं खापर माझ्या डोक्यावर?

परवा ते पुन्हा तेच सांगत होते, तेव्हा माणिकने विचारलं, "बाबा, तुम्ही दादाला गाडी पळवायला शिकवलीत. थांबवायला का नाही शिकवलीत?"

सहदेवराव जिना चढून गेले. मित्रांनो, अठरा वर्षांचे होईपर्यंत किल्लीला हात लावू नका. आणि माणिकचा प्रश्न आपापल्या बाबांना आजच विचारा, सुट्टी लागायच्या आत.