डीकन होशियाची हिरवी झुडपं

या, खुर्ची जवळ ओढून घ्या. गोष्ट माझीच आहे, आणि सांगायची लाज वाटते म्हणूनच सांगते. एका भल्या माणसाची देवाच्या घरातली जागा मी कशी घालवली, त्याची ही गोष्ट.

माझ्या दारापासून रस्त्यापर्यंत दोन्ही अंगांनी बॉक्सवुडची झुडपं होती. बारीक पानं, बारा महिने हिरवी, आणि अशी गच्च की अंड्यांवर बसलेली कोंबडीच. माझी आई ज्या बंगल्यात स्वयंपाकाला जायची, तिथल्या छाटणीतल्या मूठभर काड्या तिनं एप्रनमध्ये लपवून आणल्या आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यांत रुजवल्या. आई गेली, बंगला पडला, झुडपं राहिली.

त्या वर्षी जुलैत आठ दिवस पावसाची झड लागली, आणि पानांवर तपकिरी ठिपके दिसले. मग काड्यांवर काळ्या रेघा. हात लावावा तर पानं भुरभुर खाली. पंधरवड्यात सात झुडपं उघडी पडली. मग समोरच्या जुळ्या बहिणींकडे तेच. मग रेव्हरंड ईझलींच्या दारात तेच. एकाच अंगणात पानही हललं नाही. माझ्या शेजारच्या होशिया वॉमॅकच्या.

सगळ्यांची करपतात आणि ह्याचीच हिरवीगार कशी?

होशिया एकतीस वर्षं आमच्या न्यू गिलियड चर्चचा डीकन, म्हणजे रेव्हरंडांना कामात हातभार लावणारा सेवक. रेव्हरंडांच्या उजव्या हाताची खुर्ची त्याची. जन्मभर माळीकाम केलेलं. आम्ही एका शाळेतले, म्हणून बोलणं अरे-तुरेचं. पण वसंतात आमचं वाजलं होतं. फाटकाजवळ एक जागा रिकामी होती, तिथं मी रस्त्याकडेच्या ट्रकवरून एक स्वस्तातलं झुडूप आणून लावलं. हा कुंपणावरून म्हणतो, "व्हर्ली, लावतेस की पुरतेस? मुळांचा गड्डा जमिनीच्या दोन बोटं वर राहू दे. आणि नवा पाहुणा महिनाभर लांब ठेव, तुझ्या आईच्या झुडपांना खेटवू नकोस."

"तुझं शहाणपण तुझ्या अंगणात ठेव," मी म्हटलं.

जूनमध्ये मी त्याच्या झुडपांची छाटणी करायला गेले. दर वर्षी मी कितीतरी घरची करायची, विशेषतः थकल्याभागल्यांची, आणि फुकट. तर हा आडवा झाला.

"दव आहे अजून. ओल्यात कात्री लावायची नसते. आणि ही कात्री तर नकोच."

"का रे? माझ्या कात्रीला महारोग झालाय?"

त्यानं नुसतं फाटक लावून घेतलं. गप्प माणसाचा मला आधीच राग. मी म्हटलं, "ह्यापुढे माझ्या अंगणात पाऊल टाकशील तर बघ!"

आता कळलं ना, झुडपं झडू लागल्यावर मनात पहिलं नाव कुणाचं आलं असेल? मी पडद्याआड बसून पाळत ठेवली. तिसऱ्या पहाटे हा दिसला. कुंपणाच्या फटीतून आला, आईच्या झुडपाशी गुडघे टेकले, बुडाशी हात घातला. जवळ एक पिशवी. मीठ असेल? डिझेल? तो गेल्यावर मी अनवाणी धावले, माती उचलून हुंगली. वास मातीचाच. मग मीच मला सांगितलं, बिनवासाचं विष असणार. माळी माणूस, त्याला काय ठाऊक नसतं!

संशय आत शिरला की देवाचं वचनही त्याच्याच बाजूनं बोलतं. त्या रविवारी रेव्हरंडांनी नाबोथाच्या मळ्याचा उतारा घेतला, शेजारच्या राजानं जीव घेऊन बळकावलेल्या मळ्याचा. ते सुरुवात साध्या बोलण्यानं करतात, मग शब्दांना सूर फुटतो, ऑर्गन उत्तर देऊ लागतो, आणि छप्पर उचललं जाईल असं सगळं चर्च गाऊ लागतं. एरवी त्या गाण्यात मी वितळून जायची. त्या दिवशी ते गात होते, "शेजाऱ्याचा मळा, हो, शेजाऱ्याचा मळा!" आणि मी होशियाच्या मानेकडे बघत होते.

उपासनेनंतर मंडळीची सभा बसली. मी उठून सगळं सांगितलं.

रेव्हरंड म्हणाले, "डीकन वॉमॅक, सिस्टर व्हर्लीनच्या अंगणात गेला होतात?"

"होय."

"पिशवीत काय होतं?"

"गळलेली पानं. खाली पडून राहिली की रोग वाढतो, म्हणून वेचत होतो."

"पहाटे? चोरून?" कुणीतरी मागून म्हणालं. "पानंच हवी होती तर माझ्या अंगणात ये बाबा, दोन पोती देतो!" हशा पिकला.

"मग तुझीच तेवढी हिरवी कशी?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग रेव्हरंडांना म्हणाला, "त्याचं उत्तर मी इथं देणार नाही."

"ऐकलंत?" मी म्हटलं.

त्याचं डीकनपद काढून घ्यायचं का, यावर मतं घेतली. हात वर झाले. होशियानं खुर्चीवरचा हातरुमाल उचलला, स्तोत्रांचं पुस्तक उचललं आणि मधल्या वाटेनं चालत शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

दुपारी मी आर्डेलिया मावशीकडे जेवणाचं ताट घेऊन गेले. मावशी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, खिडकीतून तिला तिची दोन झुडपं दिसत. ती मी महिन्यापूर्वीच गोल छाटून दिली होती. बघते तर ठिपके.

"मावशी, इथंही आला होता का होशिया?"

"आला होता की. खिडकीशी उभा राहून बोलला. अगं, तुला निरोप होता, मी मेली विसरलेच."

"काय निरोप?"

"कात्री प्रत्येक घरी स्पिरिटनं पुसून घे म्हणाला. ते ट्रकवरचं झुडूप रोगट होतं, रोग कात्रीवर बसून घरोघरी जातोय म्हणे. आणि मला बजावलं, मावशी, हळू सांगा हं तिला. मायेनं करते बिचारी, कळलं तर तुटून जाईल." मावशीनं कण्या चमच्यात घेतल्या. "कुणाकुणाची गेली गं झुडपं?"

मी बोटांवर मोजू लागले. जुळ्या बहिणी. रेव्हरंड. मावशी. प्रत्येक नावाला माझी कात्रीच दिसत होती. होशियाचं अंगण मात्र मोजणीत येत नव्हतं.

ताट तिथंच टाकून मी त्याच्या दाराशी गेले.

"चारचौघांत का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू पुन्हा कुणाच्या दारी छाटायला गेली असतीस?" तो म्हणाला. "मग मावशीच्या खिडकीत तिला काय दिसलं असतं?"

"आणि तुझी खुर्ची?"

"ती लागली बरं का मनाला, व्हर्ली. नाही कसं म्हणू?"

पुढच्या रविवारी मी उठले आणि एक शब्द न गाळता सांगितलं. पुन्हा मतं घेतली, एकूण एक हात वर. रेव्हरंड स्वतः त्याला आणायला मागं गेले. होशिया बसूनच राहिला.

"मागच्या रविवारीही हात एवढ्याच झटकन वर गेले होते, रेव्हरंड," तो म्हणाला. "मी इथंच बरा आहे."

मी माझी सगळी झुडपं मुळासकट काढली, पिशव्यांत बांधून कचऱ्याच्या गाडीला दिली. होशिया बांधू लागला. खड्डे आम्ही दोघांनी मिळून बुजवले. पुढं अडीच वर्षं तो त्या शेवटच्या बाकावरून प्रवचनाला साद देत राहिला, रेव्हरंडांचा सूर चढला की सगळ्यांत आधी त्याचाच आवाज यायचा. ईस्टरच्या आधी तो गेला. ती खुर्ची त्यानं पुन्हा घेतली नाही.

आज निजताना प्रार्थनेला बसाल ना, तेव्हा माझं नाव राहिलं तरी चालेल. होशिया वॉमॅकचं घ्या.