कोस्टारिकेची हवा

गुणवंत आढावला एकोणीसशे पासष्टच्या सप्टेंबरात हेर म्हणून पकडलं, तेव्हा तो लेथवर उभा राहून ‘बोलणे’ या क्रियापदाचा वर्तमानकाळ पाठ करत होता.

ही त्याची जुनी सवय. जबलपूरच्या रांझीतल्या लष्करी फॅक्टरीत तो टर्नर होता. टूलबॉक्सच्या झाकणावर आतल्या बाजूनं त्यानं खडूनं स्पॅनिश क्रियापदं लिहून ठेवली होती. जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, फिरायला लागला की झाकण उघडायचं, ‘आब्लो, आब्लास, आब्ला’ पुटपुटायचं, आणि जॉब उतरला की झाकण बंद. दोन वर्षांत त्याची सारी क्रियापदं पाठ झाली आणि एकही जॉब रिजेक्ट झाला नाही. असा हेर कुठल्याही देशाला परवडला असता.

रांझीत स्पॅनिश कशाला, असं कुणीही विचारेल. तर त्याचं असं होतं, की जबलपुरातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीची घरं मोजून चाळीस. चेरीतालजवळच्या चर्चमध्ये सकाळी हिंदी उपासना, म्हणून मराठी देवाला दुपारी चारची वेळ मिळालेली. या मंडळीतला एक तरुण सुवार्तेसाठी बोलिव्हियाला पाठवायचा, असं मिशन बोर्डानं ठरवलं. बोलिव्हियाच का, हे बोर्डाला ठाऊक. आधी एक वर्ष कोस्टारिकेत राहायचं, तिथल्या शाळेत स्पॅनिश शिकायची, मग पुढे जायचं. तयारीसाठी मिशनच्या म्हाताऱ्या मिससाहेब आपल्या व्हरांड्यात दोघांना शिकवत. त्यांची तरुणपणची वर्षं बोलिव्हियात नर्स म्हणून गेली होती. दोघांतला एक गुणवंत. दुसरा शैलेंद्र, पाळकसाहेबांचा सख्खा भाचा, त्याच फॅक्टरीत टाइम ऑफिसात कारकून. निवड गुणवंतची झाली. शैलेंद्र दुसऱ्या नंबरावर राहिला. जानेवारीत निघायचं होतं.

मग पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, आणि सिक्युरिटीच्या साहेबांना एक निनावी पत्र आलं.

“ये क्या है?” टूलबॉक्सचं झाकण टेबलावर ठेवून साहेबांनी विचारलं. झाकण बिजागरीसकट उपटून आणलं होतं.

“स्पॅनिश है साहब. स्पॅनिश भाषा.”

“स्पेन नाम का देश है, ये हमको मालूम है. जबलपुर में उसका क्या काम?”

“स्पेन नहीं साहब. मुझे बोलिव्हिया जाना है. पहले कोस्टारिका.”

साहेबांनी फाइलीत लिहिलं: विचारल्यावर आणखी दोन देशांची नावं देतो.

“और ये?” साहेबांनी पत्रावर बोट ठेवलं. “ये सबसे ऊपर जो लिखा है, ‘प्रभु में सलाम’. ये भी कोड है क्या?”

गुणवंतनं वाकून पाहिलं. पत्र हिंदीत होतं आणि खाली सही होती, ‘एक देशभक्त’. पण वर, अगदी मधोमध, प्रभूमध्ये सलाम. मंडळीतला माणूस दूधवाल्याला चिठ्ठी लिहायला बसला तरी आधी प्रभूमध्ये सलाम लिहितो आणि मग उद्या दूध नको म्हणतो. हात आपोआप चालतो. निनावी पत्रातही तो चालला होता. आणि झाकणाच्या आत काय लिहिलंय, हे मंडळीतल्या एकाच माणसाला ठाऊक होतं. तो दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन यायचा आणि क्रियापदं उतरवून न्यायचा.

“किसने लिखा होगा, कुछ अंदाज़ा?” साहेब म्हणाले.

“नहीं साहब.”

नाव सांगितलं असतं तर साहेबांनी शैलेंद्रला उचललं असतं. पण शैलेंद्र त्याला साहेबांच्या हाती द्यायचा नव्हता. तो त्याला स्वतःला हवा होता, पूर्ण, सावकाश.

तिसऱ्या दिवशी गुणवंत लेथवर परतला. फाइल मात्र दिल्लीला गेली आणि तिकडेच रमली. ‘चौकशी चालू’ असलेल्या माणसाला पासपोर्ट कोण देणार? जानेवारीत शैलेंद्र निघाला. स्टेशनावर त्यानं सगळ्यांदेखत गुणवंतला मिठी मारली आणि म्हणाला, “तुझ्या वाटचंही शिकून येतो, भाऊ.”

“शीक,” गुणवंत म्हणाला.

मंडळीत त्याचं नाव ‘जासूस’ पडलं. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर, मग प्रेमानं, आणि हे शेवटचं सर्वांत वाईट. महिला मंडळाच्या प्रतिमाकाकू हाक मारायच्या, “अरे जासूस, जरा पेटी उचल बापा!” आणि पेटी उचलताना बोर्डाचा एखादा माणूस आला असला, तर तो चष्म्यावरून पाहायचा.

कुंदाताईचा, म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीचा, जीव तळतळायचा. भाऊ तिच्याचकडे क्वार्टरात राहायचा आणि पत्राचं सगळं तिला ठाऊक होतं.

“काहून नाही सांगत तू सगळ्यायले? मी जाऊन सांगतो पाळकसाहेबाले, तुमच्या भाच्यानं काय दिवे लावले ते!”

“थांब ताई.”

“थांब म्हणे! कशाची वाट पाहून राहिला तू?”

“टपालाची,” गुणवंत म्हणाला.

मंडळीची एक रीत होती. बाहेर गेलेल्या सेवकाचं पत्र महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेत वाचायचं, आणि त्यात त्यानं जे जे मागितलं असेल, त्यासाठी मंडळीनं झटायचं. प्रार्थना मागितली तर प्रार्थना, मोजे मागितले तर मोजे. यात कसूर नाही.

मार्चमध्ये पहिलं पत्र आलं. पाळकसाहेबांनी मराठी भाग वाचला: बारा देशांतले विद्यार्थी आहेत, सकाळभर वर्ग असतो, शाळेत आपली भाषा बोललं तर दंड, दुपारी बाजारात जाऊन अनोळखी माणसाशी दहा वाक्यं बोलून यायची. शेवटी प्रगती दाखवायला शैलेंद्रनं एक परिच्छेद स्पॅनिशमध्ये लिहिला होता. पाळकसाहेबांचा ऊर भरून आला, पण वाचता येईना. मिससाहेब त्याच हिवाळ्यात मायदेशी गेल्या होत्या.

“गुणवंत,” ते म्हणाले, “तू शिकला होतास ना थोडंसं? ये, मंडळीला सांग.”

गुणवंत उठला. परिच्छेदात लिहिलं होतं, की माझी घरमालकीण भली बाई आहे, ती मला भात आणि काळा घेवडा वाढते, आणि मी पाचला उठून क्रियापदं पाठ करतो. त्यानं तो नीट वाचला, घसा साफ केला आणि सांगितलं, “प्रियजनहो, इथे सर्व काही आहे, पण कारल्याची फार आठवण येते. रात्रंदिवस येते.”

शैलेंद्रला कारल्याच्या वासानं उमासे येतात, हे मामांना ठाऊक होतं. पण परदेशात माणूस बदलतो, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. प्रतिमाकाकूंनी महिनाभर चाळीस घरांच्या गच्च्यांवर कारली वाळवली आणि पोतंभर सुकी कारली जहाजानं कोस्टारिकेला रवाना झाली.

मे महिन्यात स्पॅनिशमध्ये डोंगरांचं वर्णन आलं. गुणवंतनं सांगितलं, “माझे केस फार गळत आहेत, मूठमूठ हातात येतात.” मंडळीनं बुधवारी उपास धरला. मंडळीतले सुतार नीलकंठराव स्वतः पूर्ण टकले होते, तेही जेवले नाहीत.

जुलैमध्ये शैलेंद्रनं बसच्या प्रवासाबद्दल लिहिलं होतं. “मी आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घेतली आहे,” गुणवंत म्हणाला. मझौलीच्या शाळेतल्या मास्तरांकडे पाळकसाहेबांनी शैलेंद्रसाठी जमवून ठेवलेली सोयरीक मोडली. मास्तरांनी मुलगी कटनीला दिली, आणि मुलगी म्हणे खूश होती.

ऑगस्टच्या पत्रात मराठी भाग फार थोडा होता. “कारली पोचली. केसांसाठी मंडळीनं उपास केला हे मामांच्या पत्रातून कळलं, आभारी आहे.” आणि खाली स्पॅनिशमध्ये एकच वाक्य: ‘गुणवंत, तुला कळलं आहे.’

“सर्वांना सलाम म्हणतो,” गुणवंतनं मंडळीला सांगितलं.

त्या दिवशी तो सायकलवरून रांझीला शिट्टी वाजवत गेला. आता शैलेंद्र तक्रारही करू शकत नव्हता. गुणवंत खोटं सांगतो म्हणावं, तर गुणवंतचा राग कशाचा, हे आधी सांगावं लागणार. दहा हजार मैलांवर बसून तो माणूस सुक्या कारल्यांकडे पाहत असेल, या विचारानं गुणवंतला वर्षात पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं.

सप्टेंबरात दिल्लीहून फाइल परतली. ‘कोड आढळला नाही.’ पाळकसाहेब त्याला चर्चच्या पायरीवर घेऊन बसले. ते मनानं वाईट नव्हते.

“पुढच्या साली आणखी एक जागा आहे, गुणवंत. बोर्ड तुझंच नाव घेतं. पण ते म्हणतात, तक्रार कुणी केली, का केली, हे उजेडात यायला पाहिजे. धूर होता तर आग कुठे होती? कुणीतरी एकानं उभं राहून म्हणावं, की ते खोटं होतं. बस्स, तेवढं एक वाक्य.”

“एक वाक्य,” गुणवंत म्हणाला.

ते वाक्य ऑक्टोबरच्या पत्रात आलं.

स्पॅनिश भाग या खेपेला दोन पानं होता. गुणवंत मंडळीपुढे उभा राहून मोठ्यानं वाचू लागला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज हळू झाला.

शैलेंद्रनं लिहिलं होतं: ‘ते पत्र मी लिहिलं. मला तुझी जागा हवी होती. मराठीत लिहिलं तर मामा ते वाचणार नाहीत, खिशात घालतील. म्हणून तुझ्या भाषेत लिहितो. ही तुझीच भाषा आहे, माझ्या तोंडात ती बसत नाही. वर्गात बाई भूतकाळ शिकवतात आणि रोज विचारतात, काल काय केलंत ते सांगा. मी गप्प बसतो. डिसेंबरात मला पहिला उपदेश द्यायचा आहे, नाही जमला तर परत पाठवतील. हे मंडळीला वाचून दाखव. सगळ्यांना कळू दे. म्हणजे मी उभा राहू शकेन, आणि तूही येशील. बोर्ड आता दोघादोघांना पाठवतं. माझ्यासोबत चल.’

गुणवंतनं मान वर केली. चाळीस घरं त्याच्याकडे पाहत होती. प्रतिमाकाकूंनी काय पाठवायचं ते लिहून घ्यायला पेन्सिल काढली होती. मागच्या बाकावर कुंदाताई होती. भावाचा चेहरा पाहून ती अर्धी उठली होती. तिला सगळं कळलं होतं.

एक वाक्य. ते म्हटलं की जासूस संपला, आणि पासपोर्ट आला, आणि जहाज. पण ते म्हटल्याबरोबर मंडळी काय करणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. मंडळी रडणार. काय हे मोठं मन, म्हणणार. उभं राहून गीत गाणार, आणि शैलेंद्रला एका मिनिटात क्षमा होऊन जाणार. तिकडे तो मोकळा होऊन भात आणि घेवडा खाणार. एका वर्षाची फाइल, उपटलेलं झाकण, स्टेशनावरची ती मिठी, सगळं एका आमेनमध्ये बुडणार. वर बोलिव्हियात जन्मभर त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपायचं.

“गुणवंत?” पाळकसाहेब म्हणाले. “काय म्हणतो?”

गुणवंतनं पानांची नीट घडी केली.

“म्हणतो, इथली हवा चांगली आहे.”

मंडळी पुढचं ऐकायला सरसावली.

“दोन पानं?” प्रतिमाकाकूंनी विचारलं.

“तिकडे हवा पुष्कळ आहे, काकू.”

“आमेन,” मंडळी म्हणाली. कुंदाताई तशीच अर्धी उभी राहिली, मग हळूच खाली बसली. घरी जाताना ती त्याच्या सायकलवर मागे बसली नाही. रांझीपर्यंत ती बसनं गेली. तवा चढवताना एवढंच म्हणाली, “तुह्या हातात होतं ते, पोरा. शैलेंद्रच्या नाही, तुह्या.”

नोव्हेंबरात तीन पानं आली. हवा चांगलीच होती. डिसेंबरात पाच आली, आणि पानं ओली होऊन शाई फुटली होती. त्या महिन्यात गुणवंतनं पाऊस बरा झाल्याचंही सांगितलं. बोर्डाची पुढची जागा रायपूरच्या एका मुलाला गेली. त्याला स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता, पण त्याच्याविरुद्ध कुणी काही लिहिलेलंही नव्हतं.

जानेवारीत शैलेंद्र परत आला. उपदेशाच्या दिवशी तो तिथल्या चर्चमध्ये वीस मिनिटं उभा राहिला आणि बोललाच नाही, असं बोर्डानं कळवलं होतं. अंगानं अर्धा झाला होता. केस मात्र खरोखरच दाट झाले होते, आणि त्याचं श्रेय नीलकंठराव उघड घेत होते.

पहिल्या रविवारी रीतीप्रमाणे त्याला साक्ष द्यायला, म्हणजे तिकडचा अनुभव सांगायला, उभं केलं. गुणवंत पहिल्या बाकावर बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून. इथे भाषांतराची गरज नव्हती. मंडळी मराठी, बोलणारा मराठी. शैलेंद्रनं मनात आणलं तर एक वाक्य, आणि त्याला थांबवायला मधे कुणी नाही.  आणि गुणवंतच्या लक्षात आलं, की आपल्याला ते वाक्य हवंय. फार हवंय. जागा तर गेलीच होती, निदान ते वाक्य.

शैलेंद्रनं मंडळीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. मग बराच वेळ गुणवंतकडे. त्याचे ओठ हलले. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बसलं, लेथवर जॉब घट्ट बसावा तसं.

“तिकडची हवा,” शैलेंद्र म्हणाला, “फार चांगली होती.”

आणि खाली बसला.

“आमेन,” मंडळी म्हणाली. पहिल्या बाकावरच्या एका माणसाचा आवाज त्यात कमी होता, पण पेटी सुरू झाली होती, कुणाच्या ध्यानात आलं नाही.