माळ्यावरच्या घड्याळाची चावी

मी एक जुने लंबकाचे घड्याळ आहे, आणि मित्रांनो, माझ्याइतक्या राजकारणाच्या गप्पा कुठल्या मंत्र्यानेही ऐकल्या नसतील. जिनिव्हात, ऱ्होन नदीच्या काठी सेंट जर्व्हे नावाची घड्याळजींची वस्ती होती. तिथल्या एका उंच घराच्या माळ्यावर माझा मुक्काम असे. बारीक कामाला उजेड लागतो, आणि उजेड छपराजवळच मिळतो.

मला बार्तेलमीबाबांनी घडवले. माझे एकेक पितळी चाक त्यांनी लेकराचे दात मोजावेत तशा मायेने घासले होते. माळ्यावर तयार होणारे प्रत्येक खिशातले घड्याळ माझ्याकडे बघून लावत. मी तिथला राजाच म्हणा ना. दर शनिवारी बाबा कॅथेड्रलात, म्हणजे गावच्या मोठ्या चर्चमध्ये जाऊन, बरोबर मध्यान्ही ऊन जिथे पडते त्या मध्यान्हरेषेवर सूर्य कधी आला ते पाहून येत, माझी चूक सुधारत आणि चावी देत. माझी मिजास कितीही असली, तरी चावीवाचून माझा काटा हलत नसे.

त्या लोकांची एक रीत होती. दुपारी एकाने उंच स्टुलावर बसून पुस्तक वाचायचे आणि त्याच्या वाटणीचे काम बाकीच्यांनी उरकायचे. पुस्तके तरी कसली? माणूस मुळात कसा असतो आणि राज्य कुणी करावे, असली. चाके कापणाऱ्या एझेकिएलच्या कपाळावर कायम आठी. त्याचा लाडका पंडित विलायतेचा, यादवी युद्धाच्या काळातला. माणसे मोकळी सोडली तर एकमेकांच्या नरडीचा घोट घेतील, म्हणून सगळी सत्ता एकाच्या हाती द्या, असे त्याचे म्हणणे. तबकड्या रंगवणारा झ्युस्त हसतमुख. त्याचा पंडितही विलायतेचाच, पण पेशाने वैद्य. माणसे तशी बरी असतात, पण आपल्याच भांडणात आपणच न्यायाधीश झालो की घोटाळा होतो. म्हणून कारभारी नेमा आणि त्याने विश्वास मोडला तर त्याला काढा, असे तो सांगे. तिसरी पेर्नेतबाई. ती काटे घासायची, नवरा वारल्यावर त्याच्याच बाकावर बसलेली. तिचा पंडित याच गावच्या घड्याळजीचा मुलगा. माणूस जन्मतः भला आणि सत्ता सगळ्यांची मिळून, हे त्याचे मत. गावाने त्याची पुस्तके जाळली होती. पेर्नेतबाईला ती तोंडपाठ होती.

एके वर्षी बाबांचे हात कापू लागले. त्यांनी चावी बाकावर ठेवली.

“एस्कालादच्या सणापर्यंत ठरवा, ही कुणाकडे राहील ते. नाही ठरलं तर घड्याळ विकतो आणि माळा बंद. भांडकुदळांच्या हाती माझं लेकरू देणार नाही.”



“एकाकडेच द्या,” एझेकिएल म्हणाला. “दहा हात लागले की वाट लागली.”

“आणि तो एक म्हणजे तूच, नाही का?” पेर्नेतबाई म्हणाली. “तुझं तोंड बघून दूध नासतं, घड्याळाचं काय होईल?”

“मी कुठं म्हटलं, मी?”

“खिळ्याला टांगा चावी. सगळ्यांची. माणसं तुला वाटतात तितकी वाईट नसतात रे.”

झ्युस्त हसला. “करून बघू. बिघडलं तर बदलू.”

चावी खिळ्यावर गेली आणि पहिले काही दिवस तर नुसती मौज होती. जो येई तो गाणे म्हणत मला चावी देई. माझे इतके लाड कधी झाले नव्हते. पण घड्याळजी साऱ्या जगावर विश्वास ठेवील, दुसऱ्याने लावलेल्या घड्याळावर ठेवणार नाही. प्रत्येकजण आपल्या खिशातले घड्याळ काढी, इकडेतिकडे बघे आणि माझा काटा हळूच आपल्या वेळेवर सरकवी. कुणी पुढे, कुणी मागे. कॅथेड्रलात तर कुणी फिरकलेच नाही, कारण दुसरा जाऊन आला असेल असे प्रत्येकाला वाटले. बारभाईची खेती, काय लागेल हाती?

एस्कालाद म्हणजे शत्रूला गावाच्या तटावरून हाकलल्याचा सण; त्या दिवशी दुपारी बाराला चौकात भाज्यांचे सूप वाटत. आमची मंडळी नवे कपडे घालून, माझ्याकडे बघून, अगदी वेळेवर खाली उतरली. चौकात पातेले खरवडणे चालले होते.

“या घड्याळजी, या,” सूपवाली म्हणाली. “आता बसा पुढच्या वर्षीच्या पंगतीला.”

सगळा चौक हसला. मंडळी उपाशीपोटी माना खाली घालून माळ्यावर आली. बाबा दारातच उभे होते.

“घड्याळ न्यायला उद्या व्यापारी येतोय,” ते एवढेच म्हणाले.

 मग एझेकिएल पुटपुटला, “काटा मी सरकवला. दोनदा. मी माझ्यावरच भरवसा ठेवायला नको होता.”

“मीपण,” झ्युस्त म्हणाला.

पेर्नेतबाई लाल झाली. “मी तर रोज.”

बाबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला. तो साधला नाही, आणि मग सगळेच पोट धरून हसले.

“म्हणजे माणूस भलाच आहे,” पेर्नेतबाई डोळे पुसत म्हणाली, “पण आगाऊ आहे.”

“म्हणून हात एकच हवा,” एझेकिएल म्हणाला.

“वर्षापुरता,” झ्युस्त म्हणाला. “चुकला तर त्याआधीच काढायचा.”

“आणि शनिवारी मध्यान्हरेषा बघून यायचं, किती चुकलं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं, मगच चावी द्यायची,” पेर्नेतबाईने भर घातली.

“पण हात कुणाचा?” बाबांनी विचारले.

पेर्नेतबाईने खिळ्यावरची चावी काढली आणि एझेकिएलच्या तळव्यावर ठेवली.

“घे. ज्याचा स्वतःवरसुद्धा भरवसा नाही, त्याच्यावर माझा आहे.”

त्याच्या कपाळावरची आठी मी त्या दिवशी पहिल्यांदा गेलेली पाहिली. त्याचे डोळे भरून आले. मला इतका आनंद झाला की मी बाराचे टोले दिले. वेळ साफ चुकीची होती, पण कुणी रागावले नाही. बाबांनी व्यापाऱ्याला निरोप धाडला, येऊ नका म्हणून.

पुढे चावी झ्युस्तकडे गेली, पेर्नेतबाईकडे गेली, पुन्हा एझेकिएलकडे आली. मग कारखाने आले, माळे ओस पडले आणि मी कित्येक वर्षे पोत्याखाली धूळ खात पडून राहिले. शेवटी गल्लीतल्या शाळेने मला उचलून आणले. आता वर्गातली मुले मते देऊन चावीवाला निवडतात, आणि निवडणुकीच्या दिवशी वर्गात जो कल्ला होतो, तो ऐकून मला आमचा माळाच आठवतो.

मित्रांनो, मला तेल द्या, माझी धूळ झटका. पण कुणाच्या तरी हाती चावी देऊन निर्धास्त झोपू नका. दुपारी खिडकीशी या, सूर्य कुठे आहे ते बघा, आणि माझे चुकले असेल तर मोठ्याने सांगा. मला राग येत नाही. पेर्नेतबाईने मला ती सवय लावली आहे.