कोरडा घास

"कोरडं झालंय! यापेक्षा माती बरी लागली असती," म्हणत म्हातारीच्या लेकानं हातातला भाजलेला बटाटा बांधावर आपटला, आणि भर दुपारी शेतात भांडण पेटलं.

सून ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. बटाट्याची काढणी चाललेली, जमीन वाळून घट्ट झालेली, कुदळ मारली की खांद्यापर्यंत झिणझिण्या. त्यात हे नवऱ्याचे नखरे.

"परवा भात फडफडीत, आज बटाटा कोरडा! मग माझ्या घशाखाली कसा उतरतो? मी काय लोखंडाची आहे?"

"आधी पाणी दे."

"प्या! घासाघासाला पाणी. पोट आहे की विहीर?"

पलीकडे सरीत बसून त्याची म्हातारी आई बटाटे निवडत होती. या दोघांची जुंपली की ती एरवी गालात हसायची. आज तिच्या हातातला बटाटा हातातच राहिला. लेक पुन्हा खायला लागला होता: एक घास, मग घोट, मग छातीवर मूठ चोळून सोडलेला श्वास. डोळे मिटले असते तर तिनं शपथेवर सांगितलं असतं, की बांधावर तिचा नवराच जेवायला बसलाय. आणि तो तर हा लेक रांगत होता तेव्हाच गेलेला.

तोही असाच म्हणायचा, कोरडं झालंय. तिनं ते मनाला लावून घेतलं. भात मऊ केला, मग गिजगा केला, मग त्याची पेज केली. तो मुकाट्यानं प्यायला लागला. घरातली कटकट मिटली. सासूसुद्धा म्हणाली, आता कुठं हिच्या हाताला चव आली. पुढं पेजही उतरेना, तोवर त्याचा आवाज बसला होता आणि पाठीची हाडं मोजता येत होती. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं भ्यालाय. त्याची वेळच भरली होती, अशी मनाची समजूत घालून तिनं पोराला वाढवलं.

तिनं लेकाकडं नीट पाहिलं. भरलेल्या अंगामुळं गाव त्याला ढेकूळ म्हणायचं. त्या ढेकळाची पँट आता कमरेला सुतळीनं बांधलेली होती. रोज डोळ्यांसमोर असून आपल्याला दिसलं कसं नाही!

तिकडं सून नमली होती. "बरं, उद्यापासून सगळं पातळ करते. मग तर झालं?"

"खबरदार!" म्हातारी ओरडली. दोघंही दचकले. ती तरातरा आली, पाण्याची कळशी उचलून लांब ठेवली आणि एक बटाटा लेकाच्या हातात दिला. "हा खा. पाण्याशिवाय."

"आई, हा काय पोरखेळ?"

"गिळून दाखव. मग म्हण मला खुळी."

त्यानं हसत मोठा घास घेतला, चावला, गिळला. हसू तिथंच थांबलं. डोळ्यांत पाणी आलं, हात छातीच्या मधल्या हाडावर गेला. तो बांधापलीकडं वाकला आणि घास होता तसा बाहेर आला.

"अहो, हे कधीपासून?" सुनेचा आवाज पार उतरला होता.

"लावणीपासून. आधी नुसता भात अडकायचा. काम टाळतोय म्हणशील, म्हणून बोललो नाही."

काढणी अर्धी टाकून तिघं मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी घशातून नळी घातली, आतला तुकडा तपासायला पाठवला. पुन्हा बोलावलं तेव्हा त्यांनी आधी सगळ्यांना बसायला सांगितलं.

"अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. पण पसरलेला दिसत नाही, उपचार करता येतील. लोक पाणीसुद्धा उतरेना झालं की मग येतात. तुम्ही घास अडकतोय तेव्हाच आलात, म्हणून आशा आहे."

सुनेनं हात जोडले. म्हातारीनं मात्र विचारलं, "डॉक्टर, हा रांगत होता तेव्हाही, वेळेवर आणलं असतं तर माणूस वाचला असता?"

डॉक्टरांना काय ठाऊक! ते सहज म्हणाले, "सगळे नाही आजी. पण काही जण तेव्हाही वाचायचे."

बाहेर बाकावर बसून म्हातारी हमसाहमशी रडू लागली. लेकानं तिला जवळ घेतलं. "अगं, आशा आहे म्हणतायत ना? मग माझ्यासाठी कशाला रडतेस?"

"तुझ्यासाठी नाही रे," ती म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेऊन तिनं गळा काढला.