तीन अँपिअर आणि नजीबचे हात

"हे ग्राफिक्स कार्ड लावलंस तर अख्ख्या मीना गावाचे दिवे मंद होतील," खोकं काउंटरवर ठेवत दुकानदार अबू रबीअ म्हणाला. "घरी सिनेमा बघायचाय, का चंद्रावर यान सोडायचंय?"

"हात बघायचेत," जुमाना म्हणाली.

त्यावर त्याने खोकं तिच्याकडे सरकवलं. जुमानाचे वडील नजीब याच रस्त्यावर सुतारकाम करायचे आणि जन्मापासून बहिरे होते, हे बाजारातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. ते हातांनी बोलत. तेही शाळेत शिकवतात त्या खुणांनी नव्हे, तर नवराबायकोने संसार करता करता घडवलेल्या खुणांनी. नजीब गेले तेव्हा जुमाना दोन वर्षांची होती. आता ती भाषा जगात एकाच माणसाला येत होती, तिच्या आईला, विदादला. आणि विदादची फुप्फुसं वर्षभरापासून साथ सोडत चालली होती. प्राणवायूचं यंत्र उशाशी दिवसभर घुरघुरत असे.

काकांची व्हिडिओ कॅसेट दोन महिन्यांपूर्वी कॅनडाहून आली होती. झऱ्याकाठची सहल, नजीबच्या शेवटच्या उन्हाळ्यातली. त्या दिवशी कशावरून तरी दोघांचं वाजलं होतं. विदाद रागाने पाठ फिरवून उभी राहिली. बहिऱ्या माणसाकडे पाठ फिरवणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात दाबणं, हे तिला कळत होतं, म्हणूनच तिने फिरवली. नंतर चित्रण करणारा दीर हसत म्हणाला होता, "वहिनी, बिचारा तुझ्या पाठीशी किती वेळ बोलत होता." काय बोलत होता, ते तिने कधी विचारलं नाही. हिवाळ्यात नजीब गेले.

"तेवढं एकदा बघते," कॅसेट आली तेव्हा विदाद म्हणाली होती. "मग माझं काही राहत नाही."

जुमानाने कॅसेट संगणकात उतरवून घेतली आणि तिच्या लक्षात आलं की हात वाचताच येत नाहीत. त्या काळच्या कॅसेटवर प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं असे: आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने उरलेल्या. झाड, दगड, डोंगर स्वच्छ दिसत. हलणारी वस्तू मात्र दोन जागी सापडून कंगव्याच्या दातांसारखी फाटे. सगळ्यात जास्त हलत होते ते नजीबचे हात.

दोन अर्ध्यांमधून दोन पूर्ण चित्रं घडवता येतात. साधी पद्धत तिने करून पाहिली. बोटांच्या कडा करवतीसारख्या झाल्या. चांगली पद्धत हालचालीचा माग काढून हरवलेल्या ओळी भरते, पण तिच्या जुन्या संगणकाचा प्रोसेसर त्या कामात धापा टाकू लागला आणि चित्र अडखळलं. म्हणून ग्राफिक्स कार्ड. संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली होती, त्यामुळे तिने आठवडाभर लोकांचे अनुभव वाचले. कुठलं कार्ड लिनक्सशी भांडतं, कुठल्याचं सॉफ्टवेअर लिनक्समध्ये आधीपासूनच असतं, कुठलं किती वॅट खातं, सगळं वहीत टिपलं. निवडलेलं कार्ड चालताना पूर्ण संगणक दोनशे वॅट घेणार होता. सरकारी वीज नसे तेव्हा घर गल्लीतल्या खासगी जनरेटरवर चाले, आणि त्याची त्यांची जोडणी तीन अँपिअरची, म्हणजे साडेसहाशे वॅट. त्यातले साडेतीनशे आईच्या यंत्राचे.

"सरकारी वीज असेल तेव्हाच लावू," ती काउंटरवर पैसे मोजत म्हणाली.

"सरकारी विजेच्या भरवशावर?" अबू रबीअ म्हणाला. "पोरी, तू विद्यापीठात नक्की काय शिकलीस?"

गुरुवारी दुपारी सरकारी वीज आली. कार्ड उत्तम चाललं. झरा, कबाबचा धूर, तरुण विदादची पाठ, तिच्या खांद्यावर टेकलेलं दीड वर्षाचं बाळ, म्हणजे जुमानाच. मग चौकटीत नजीब आले आणि त्यांनी हात वर केले.

वीज गेली.

दहा सेकंदांत जनरेटर लागला. वीज परत येताच आपोआप सुरू व्हायचं, असं जुमानानेच संगणकाला सांगून ठेवलं होतं. तो, फ्रिज, टीव्ही आणि प्राणवायूचं यंत्र एकदम उठले आणि तळमजल्यावरचा खटका पडला. यंत्र किंचाळायला लागलं.

खटक्याच्या पेटीची किल्ली जनरेटरवाल्या मुंझिरकडे. जुमाना पाच मजले धावत उतरली.

"कोण भट्टी पेटवतंय वर?" मुंझिर किल्ली शोधत पुटपुटला.

"आईचं यंत्र बंद आहे, मुंझिरभाई."

तो किल्ली घेऊन पेटीकडे धावला. ती वर पोचली तेव्हा विदाद पलंगाच्या कडेला बसलेली, नाकाशी अडीअडचणीसाठी ठेवलेल्या लहान सिलिंडरची नळी, ओठ निळसर. नळी तिची तिनेच लावून घेतली होती.

जुमानाने संगणकाची तार भिंतीतून उपसली.  मग ती खाली बसून स्क्रू काढायला लागली.

"काय करतेस?"

"कार्ड परत देते. चुकलं माझं. लहान कार्ड घेतलं तर बोटं दिसत नाहीत, मोठं घेतलं तर..." तिने यंत्राकडे पाहिलं.

विदाद श्वास पुरवून पुरवून बोलली. "ते कार्ड करतं तरी काय?"

"हरवलेल्या ओळी भरतं. चित्र पुढे सरकत असतानाच."

"बघतानाच भरायला हव्यात?"

जुमानाचा हात थांबला.

"वीज येते तेव्हा आपण टाकी भरून ठेवतो," विदाद म्हणाली. "कपडे धुऊन घेतो. नळाखाली बसून तेव्हाच्या तेव्हा कोण पाणी पितं या गावात?"

जन्मभर जुमाना टाकीचंच पाणी प्यायली होती. तरी वहीतल्या इतक्या आकड्यांत हा विचार एकदाही आला नव्हता. घाई फक्त बघताना होती. भरताना कसलीच नव्हती. जुन्या प्रोसेसरला एका सेकंदाच्या चित्राला दहा मिनिटं लागली तरी काय बिघडणार होतं? आणि तयार झालेली चित्रं नुसती दाखवायची, तर संगणकाच्या मदरबोर्डवरचं साधं ग्राफिक्सही पुरे होतं. पन्नास वॅटही लागले नसते.

अबू रबीअने कार्ड परत घेतलं, विनोद न करता.

त्यानंतर सरकारी वीज आली की टाकी भरे, कपडे धुतले जात आणि संगणक ओळी भरत बसे. वीज गेली की थांबे, आली की सोडलं होतं तिथून पुढे. चार मिनिटांच्या चित्राला बारा दिवस लागले.

तेराव्या दिवशी सकाळी जनरेटरच्या विजेवरच जुमानाने ते लावलं. यंत्र संथ घुरघुरत होतं. नजीबने हात वर केले. बोटं, नखं, अंगठ्यावरचा सुताराचा जुना घाव, सगळं लख्ख दिसलं. समोर विदादची पाठ होती, आणि तिच्या खांद्यावरून बाळ त्या हातांकडे टक लावून पाहत होतं. जुमाना त्या बाळाकडे बघत राहिली. ते बोलणं समोरून पाहिलेलं माणूस ती एकटी होती, आणि तिला काहीच आठवत नव्हतं.

"पुन्हा लाव," विदाद म्हणाली.

तिसऱ्यांदा तिने स्वतःचे हात उचलले आणि पडद्यावरच्या हातांबरोबर हळूहळू हलवले.

"काय म्हणतायत बाबा?"

"'तू वळलीस की सांगेन.'" विदादने हात मांडीवर ठेवले. "तेवढंच. पुन्हापुन्हा तेच. 'मी थांबतो. तू वळलीस की सांगेन.'"

पडद्यावर झरा वाहत होता. तिथेच चित्रण संपलं.

"मग तू वळलीस?"

"वळले ना. भूक लागली होती. सगळ्यांबरोबर जेवायला बसले." तिने नळी नाकाशी नीट बसवली. "तो माझ्याकडे बघत होता, आठवतंय मला. मी त्याच्या दोन्ही हातांत भाकरी दिली."